अंगठ्याची झीज

नदीकाठच्या एका शहरात एकदा एक वस्ताद होते, आणि त्यांची विद्या कोणती हे ऐकलंत तर तुम्ही हसाल. ना ते कुस्ती शिकवत, ना गाणं. टीव्हीला जोडून खेळायची जी यंत्रं असतात, पोरं ज्यांना कन्सोल म्हणतात, ती ते दुरुस्त करत. हसा, खुशाल हसा. पण आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही आणि म्हातारपणी हे, अशी उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या घरातल्या बंद पडलेल्या वस्तूंपुढे मान खाली घालून काढली होती. अशा माणसाला हळूहळू वस्तूंपेक्षा घरंच जास्त कळू लागतात.

त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य हा माझा शब्द. तो स्वतःला टेक्निशियन म्हणवून घेई. हात मोठा गुणी, नजर तीक्ष्ण, कामाला वाघ. दोष एकच होता आणि तो दिसायला अगदी गुणासारखा होता. समोर आलेल्या वस्तूत काही खोट राहिलेली त्याला सहन होत नसे. पंखा साफ करायला आलेल्या यंत्राचं ढिलं बटणही तो न सांगता बसवून देई, तेही फुकट. गिऱ्हाईक खूश, शिष्य खूश. वस्ताद मात्र चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "सांगितलं तेवढं कर रे बाबा." शिष्य मान डोलवी आणि पुन्हा तेच करी.

एके दिवशी वस्ताद पुतणीच्या लग्नाला गेले असताना दुकानात एक गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, शाळेत विज्ञान शिकवणारे सर. जुन्या चादरीत कंट्रोलरसकट गुंडाळलेला कन्सोल त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"मध्येच बंद पडतो," सर म्हणाले. "आतून घरघर आवाज येतो, तापतो, आणि पोचायच्या आत बंद होतो."

कुठे पोचायच्या आत, हे शिष्यानं विचारलं नाही. त्यानं मागच्या जाळीत बोट फिरवून धूळ दाखवली. "बंद कपाटात ठेवता ना सर? याला मोकळी हवा लागते. पंखा उघडून साफ करतो, आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलतो. नव्यासारखा होईल बघा."

"नव्यासारखा नको," सर घाईघाईनं म्हणाले. "मध्ये बंद पडू नये, एवढंच करा. बाकी कशालाच हात लावू नका. मुलाचा आहे हो."

"मग मुलाला सांगा, सुट्टी लागायच्या आत देतो म्हणून!"

सरांनी कन्सोलवरून एकदा हात फिरवला. चादरीची घडी काखेत घेऊन ते पायऱ्या उतरून गेले.

शिष्यानं काम मन लावून केलं. पंखा असा साफ केला की कान लावला तरी आवाज येईना. मग यंत्र टिकतंय का हे बघायला त्यानं ते टीव्हीला जोडलं. सरांच्या मुलानं जिथे सोडला होता तिथूनच खेळ सुरू झाला. एक पोरगा घराच्या अंगणात उभा, हातात कंदील. डाव्या हाताला लांबलचक वाट आणि वाटेच्या शेवटी एक विहीर. शिष्यानं हातात धरून खेळायचा तो कंट्रोलर खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला, तर काय! पडद्यावरचा पोरगा आपला आपणच चालू लागला. मुंगीच्या पावलानं, डावीकडे.

"ड्रिफ्ट," शिष्य स्वतःशीच म्हणाला.

हा ड्रिफ्ट काय असतो ते सांगायला हवं. कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायची एक आखूड दांडी असते, तिला स्टिक म्हणतात. वर्षानुवर्षं ती एकाच बाजूला रेटली की आतून झिजते, आणि मग कुणी हात लावला नाही तरी यंत्राला वाटत राहतं की कुणीतरी रेटतंय.

शिष्यानं स्टिकवर अंगठा ठेवून पाहिला. वरचं रबर एका कडेला घासून गुळगुळीत झालेलं, तिथे खळगा पडलेला. अंगठा सारखा घसरे. "काय पोरगं आहे, पार वाट लावलीय!" तो हसत म्हणाला. सरांनी बाकी कशाला हात लावू नका असं बजावलं होतं खरं, पण एवढी खोट ठेवून माल परत द्यायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्यानं ती स्टिक काढली, जुन्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि नवी कोरी बसवली. पडद्यावरचा पोरगा जागच्या जागी स्तब्ध उभा राहिला. शिष्याला आपल्या हातांचा अभिमान वाटला.

सर यंत्र न्यायला आले तेव्हा वस्ताद परतले होते. गिऱ्हाइकानं स्वतः चालवून बघितल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर जायची नाही, असा तिथला शिरस्ता होता. शिष्यानं कौतुकानं खेळ लावला आणि कंट्रोलर सरांच्या हातात दिला. सरांनी तो हातात धरला नाही, अलगद मांडीवर ठेवला, हात बाजूला घेतले आणि पडद्याकडे बघत बसले.

पोरगा अंगणात उभा होता. कंदील जळत होता. बराच वेळ झाला.

"हा चालत का नाही?" सरांनी विचारलं.

"चालतो की! स्टिक हलवा ना सर."

"न हलवता चालायचा तो."

"अहो, तो दोष होता," शिष्य उत्साहानं म्हणाला. "स्टिक झिजली होती, बदलून टाकली. त्याचे पैसे नाही लावले हं!"

सरांचा चेहरा कसनुसा झाला. "बाकी कशाला हात लावू नका, म्हणालो होतो मी," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. पलीकडच्या टेबलावर वस्तादांनी हातातली तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची बंदूक स्टँडवर ठेवली आणि ते उठून आले.

"बसा सर," वस्ताद म्हणाले. "मुलाचा आहे म्हणे हा. किती मोठा?"

"बारा वर्षांचा होता. निनाद. गेल्या श्रावणात साधा ताप आला, आणि…" सरांनी चष्मा काढला. "या खेळापायी मी त्याला रोज बोलायचो. निनाद, पुरे आता, ताट वाढलंय, जेवायला चल. तो म्हणायचा, बाबा, विहिरीपर्यंत जाऊ दे ना फक्त. मी जाऊन बटण बंद करायचो. पोचायच्या आत. एकदाही त्याला पोचू दिलं नाही हो मी."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तो गेल्यावर एकदा लावून बघितलं, तर तो पोरगा आपोआप चालायला लागला. मला कळतं, वस्ताद. मी विज्ञान शिकवतो. आतला पट्टा झिजलाय, भुतं नाहीत त्यात. पण तो झिजवला कुणी? त्यानंच ना? मग मी रोज संध्याकाळी लावून बसायचो. विहिरीपर्यंत जाऊ द्यायचो. अलीकडे हे यंत्रच मध्ये बंद पडायला लागलं, म्हणून तर घेऊन आलो."

शिष्य ताडकन वळला. तो धावत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आला. वस्तादांनी टेबलावर पंचा अंथरला आणि डबा त्यावर रिकामा केला. झिजलेल्या स्टिकांचा ढीगच पडला. सगळ्या काळ्या, सगळ्या एकसारख्या.

शिष्यानं मीटर ओढला. "एकेक तपासतो. डावीकडे ओढणारी सापडेल."

"ठेव तो खाली," वस्ताद म्हणाले. "यातल्या निम्म्या डावीकडेच ओढतात. मीटर दोष दाखवेल. कुणाचा ते नाही दाखवणार." मग ते सरांकडे वळले. "सर, हाताला लागली तर ओळखाल?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. "मी तिला कधी हात लावला नाही. माझ्या अंगठ्यानं आणखी झिजली असती. मी नुसता बघत बसायचो."

"मग तूच शोध," वस्ताद शिष्याला म्हणाले. "तिच्यावर शेवटचा अंगठा तुझा होता."

शिष्यानं डोळे मिटले आणि एकेक स्टिक उचलून तिच्यावर अंगठा टेकवू लागला. ही खरखरीत, ती तिरकी. एक पुरती सपाट. ज्या कामाला त्यानं सगळा मिळून दोन घोटांच्या चहाएवढा वेळ दिला होता, तेच आता आठवायचं होतं. एका क्षणी त्याला वाटलं की आपण कुठलीतरी एक उचलावी आणि हीच म्हणावं, कुणाला कळणार आहे? त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं पुढची उचलली. सर समोर बसून त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

आणि मग अंगठा घसरला. वरच्या डाव्या कडेला, अगदी तसाच. शिष्यानं तो परत तिथे आणला, खळग्यात दाबून बघितला आणि थबकला. खळगा लहान होता. त्याचा अंगठा त्यात मावेना. परवा हा अंगठा इथेच घसरला होता आणि आपण हसलो होतो, पोरानं वाट लावली म्हणालो होतो. कुणाचा अंगठा एवढासा असतो, हे तेव्हा आपल्या मनातही आलं नाही. मुलाला सांगा, सुट्टी लागायच्या आत देतो, असं आपणच म्हणालो होतो. शिष्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हीच," तो म्हणाला.

"बसव परत," वस्ताद म्हणाले. "नवी बसवताना लावला होतास ना, त्याहून जास्त जीव लाव."

शिष्यानं आपलीच नवी स्टिक उपसून काढली. चांगल्या जागी खराब भाग बसवण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. हात चालत होते, पण मन मानेना. तो वस्तादांजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलो मी, कबूल. पण वस्ताद, हे बरं आहे का? या माणसानं रोज संध्याकाळी एका बिघाडासमोर बसून राहायचं?"

वस्ताद पंच्यावरच्या स्टिका परत डब्यात भरू लागले. मग म्हणाले, "ते ठरवणारे आपण कोण रे? आपण पंखे साफ करणारी माणसं. दुःखातून कुणी कधी उठावं, हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. आता झिजेचं विचार, ते मला थोडं कळतं. माणूस एका वस्तूवर रोज हात ठेवतो, तेव्हा ती वस्तू कणाकणानं कमी होते. जेवढी ती कमी होते, तेवढा तो माणूस तिच्यात राहतो. एरवी आपण ती झीज काढून टाकतो, पोट आहे आपलं त्यावर. पण काढण्याआधी विचारायचं असतं. काय बिघडलंय हे तर तू नेहमीच विचारतोस. काय ठेवायचंय, हेही विचारत जा."

शिष्यानं शेवटचा स्क्रू पिळला आणि कंट्रोलर सरांच्या मांडीवर ठेवला. खेळ सुरू झाला. अंगण, कंदील, पोरगा. क्षणभर काहीच हललं नाही. शिष्य पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

मग पोरगा निघाला. मुंगीच्या पावलानं, डावीकडे.

विहीर लांब होती. मध्येच एक कॉलेजची मुलगी हातात कंट्रोलर घेऊन दुकानात आली. वस्तादांनी तिला हातानंच थांबायची खूण केली, आणि काय चाललंय ते न कळताही ती भिंतीला टेकून उभी राहिली. चौघंही पडद्याकडे बघत राहिले. कुंपण मागे पडलं, मग एक झाड मागे पडलं. पंख्याचा आवाज येत नव्हता, यंत्र बंद पडलं नाही. पोरगा विहिरीच्या कठड्याला जाऊन भिडला आणि तिथेच पावलं हलवत राहिला.

"पोचलास?" सर म्हणाले. दुकानात आणखी कुणी आहे हे बहुधा ते विसरले होते. "चल मग, निनाद. आता जेवायला चल."

त्यांनी बटण बंद केलं. कन्सोल चादरीत गुंडाळला, वस्तादांना नमस्कार केला, आणि शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग पायऱ्या उतरून गेले.

शिष्य बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. शेवटी ती मुलगी पुढे आली. "ड्रिफ्ट होतोय याला," ती म्हणाली. "स्टिक बदलून द्याल?"

शिष्यानं कंट्रोलर हातात घेतला. वरच्या रबरावरून अंगठा फिरवला. मग मान वर करून विचारलं, "कुणाचा आहे?"

"माझाच की. का हो?"

"बरं झालं," शिष्य म्हणाला, आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.