दगडाखालची शेंग

थंडीत अंगणात शेंगा वाळत होत्या.
आजी काठी घेऊन राखणीला बसली होती. हाड् हाड्.
तरी खारुलीनं एक शेंग पळवली.
खारुली म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंसं. भित्रं.
तिनं शेंग अंगणाच्या कोपऱ्यात पुरली. म्हणाली, "उन्हाळ्यात खाईन."

शेंगा गेल्या. ज्वारी आली.
ज्वारी गेली. कुरडया आल्या.
आजी आणि काठी तिथंच.

उन्हाळा आला. शेतं उघडी. दाणा नाही कुठं.
खारुलीच्या पोटात कुरुकुरु. ती अंगणात आली. तुरुतुरु, तुरुतुरु.
बघते तर काय, लुगड्यावर कुरडया. लुगड्याच्या टोकावर दगड.
आणि दगडाखाली तिची शेंग.
खारुलीनं दगड ढकलला. हं हं. दगड हलेना.

आजीनं काठी आपटली. टक्.
खारुली दचकली. शेपटी फुगली. पण गेली.
"आजी आजी, दगड हलव.
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."
आजी म्हणाली, "हलवते की आत्ता. मी कुठं नाही म्हणते? पण आधी सूनबाईनं कुरडया काढाव्यात."

सूनबाई म्हणजे बाळाची आई. ती चुलीपुढं बसली होती.
खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
आईनं फुंकणी फुंकली. फूऽऽ.
खारुली दचकली. शेपटी फुगली. पण गेली.
"बाळाची आई, कुरडया काढ.
कुरडया निघेनात,
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."
आई म्हणाली, "काढते की आत्ता. मी कुठं नाही म्हणते? पण आधी ह्यांनी माळ्यावरची पाटी उतरवावी. कुरडया ठेवू कशात?"

हे म्हणजे बाळाचे बाबा. ते बाजेवर आडवे होते. तोंडावर टोपी.
खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
बाबा घोरले. घुर्रर्र.
खारुली दचकली. शेपटी फुगली. पण गेली.
"बाबा बाबा, पाटी उतरवा.
पाटी उतरेना,
कुरडया निघेनात,
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."
टोपीखालून बाबा म्हणाले, "उतरवतो की आत्ता. मी कुठं नाही म्हणतो? पण आधी आबांनी शिडी द्यावी."

आबा शिडीला दोरी बांधत होते. थंडीपासून बांधत होते.
खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
आबा शिंकले. आऽक्छी.
खारुली दचकली. शेपटी फुगली. पण गेली.
"आबा आबा, शिडी द्या.
शिडी मिळेना,
पाटी उतरेना,
कुरडया निघेनात,
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."
आबा म्हणाले, "देतो की आत्ता. मी कुठं नाही म्हणतो? पण आधी शेळीनं दोरी सोडावी."

दोरीचं दुसरं टोक शेळीच्या तोंडात होतं.
खारुली गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
शेळी ओरडली. बेंऽऽ.
खारुली दचकली. शेपटी फुगली. पण गेली.
"शेळी शेळी, दोरी सोड.
दोरी सुटेना,
शिडी मिळेना,
पाटी उतरेना,
कुरडया निघेनात,
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."
शेळी भरल्या तोंडानं म्हणाली, "सोडते की आत्ता. मी कुठं नाही म्हणते? पण आधी बाळानं माझा कान सोडावा."

बाळानं कान धरला होता. दोन्ही हातांनी. घट्ट.
खारुली गेली. तुरु. तुरु.
"बाळ बाळ, कान सोड.
कान सुटेना,
दोरी सुटेना,
शिडी मिळेना,
पाटी उतरेना,
कुरडया निघेनात,
दगड हलेना,
मला माझी शेंग मिळेना."

बाळ 'आत्ता' म्हणालं नाही. 'पण आधी' म्हणालं नाही.
बाळानं खारुलीची शेपटी बघितली. बाळ म्हणालं, "दे."

खारुलीच्या छातीत धडधड.
"ओढशील?"
बाळ हसलं. दोन दात दिसले.
आता दोन दात म्हणजे हो की नाही?
पोटात कुरुकुरु. छातीत धडधड.
खारुली वळली. डोळे मिटले. शेपटी पुढं केली.

बाळानं शेपटी धरली. ओढली. थोडीशीच.
मग गालाला लावली. मऊ मऊ.

आणि कान? कान सुटला.
कान सुटला, शेळीनं दोरी सोडली.
दोरी सुटली, आबांनी शिडी दिली.
शिडी मिळाली, बाबांनी पाटी उतरवली.
पाटी उतरली, आईनं कुरडया काढल्या.
कुरडया निघाल्या, आजीनं दगड हलवला.
हातानं नाही. उठलीसुद्धा नाही.
पायाच्या अंगठ्यानं ढकलला. टुक्.
"एवढंच ना? मघाशीच सांगायचं."

आबा म्हणाले, "मी शिडी दिली म्हणून."
बाबा म्हणाले, "मी पाटी उतरवली म्हणून."
शेळी म्हणाली, "माझं तर कुणी नावच घेत नाही."
आणि बाळ? त्याच्या मुठीत एक केस होता. शेपटीचा.

खारुलीनं शेंग फोडली. आत दोन दाणे.
एक आत्ता खाल्ला. कुट कुट.
दुसरा पावसाळ्यासाठी पुरायचा होता.
खारुलीनं कोपरा बघितला. दगड बघितला. काठी बघितली.
आजी म्हणत होती, "सूनबाई, उद्या पापड घालू गं."
खारुलीनं दुसराही खाल्ला. कुट कुट.

टरफल शेळीला, कुरडई बाळाला,
आणि गोष्ट तुला.