पाच घड्याळांचं घर

नगरबिगर काही नव्हतं, चार गल्ल्यांचं गाव होतं. तिथल्या वैजयंताचा नर्सिंगला नंबर लागला. वडील फौजेतले माजी हवालदार, म्हणून अर्धी फी माफ झाली. कमवा आणि शिका योजनेत लायब्ररीची पुस्तकं पुसून ती जेवणाचं भागवणार होती. उरलेल्या फीसाठी गावचे पुढारी असलेल्या भाऊसाहेबांच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली तर ठीक, नाहीतर जागा जाणार.

ट्रस्टचा नियम असा, की भाऊसाहेब स्वतः घरी येऊन गरिबी तपासणार. आले, मागे अर्धी गल्ली घेऊनच. पत्र्याच्या खोलीत वाकून शिरले आणि भिंतीकडे बघून थबकले. ओळीनं पाच घड्याळं.

"हवालदार, माझ्या बंगल्यात तीन आहेत. पाच घड्याळांचं घर गरीब कसं?"

हवालदारांची मान खाली गेली. वैजयंता ओढणी खोचून पुढं झाली.

"भाऊसाहेब, चष्मा लावून बघा. पाचही घड्याळांवर तुमचाच फोटो आहे. आठवीपासून बारावीपर्यंत मी पहिली आले, आणि सत्काराला तुम्ही दरसाल घड्याळ दिलंत."

"मग पाचांत पाच वेगळ्या वेळा कशा?"

"सेल संपला तिथं काटे थांबले. नवे सेल घालायची ऐपत असती, तर तुम्हाला एवढं वाकून आत यायला लावलं असतं का?"

दारातली गल्ली अशी हसली, की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. भाऊसाहेबांनी उभ्याउभ्याच अर्जावर सही केली.

पुढच्या साली वैजयंता कॉलेजातही पहिली आली. सत्काराला भाऊसाहेबांनी शाल दिली, नारळ दिला, आणि घड्याळाऐवजी हळूच पाच सेल तिच्या ओंजळीत ठेवले.