रवीचा नाद

बाळगोपाळांनो आणि वडीलधाऱ्यांनो, फार फार पूर्वी नदीकाठच्या एका गावी एक पुजारी राहत असे. तो ध्यानास बसला की घरात चिमणीनेही चिवचिवू नये, असा त्याचा दंडक होता.

एके सकाळी त्याची पत्नी रवीने ताक घुसळत होती. तो गरजला, "बंद कर ती घरघर! माझ्या ध्यानात विघ्न येते."

"अहो, याच घरघरीतून तुमच्या देवाचे लोणी निघते," ती म्हणाली. "पण तुम्हांला शांतताच हवी ना? घ्या, पोटभर घ्या!" आणि ती माहेरी निघून गेली.

घर निःशब्द झाले. मन मात्र भांडतच राहिले. अखेर पुजारी टेकडीवरच्या वृद्ध साधूकडे गेला. "महाराज, मला खरे मौन द्या. आणि ती परत येईल, असे काही करा."

साधूने त्याला पडद्याआड बसविले. "पत्नीकडून तुला काय मिळाले, तू तिला काय दिलेस, तिला कोणता त्रास दिलास, एवढेच आठव. मी येऊन ऐकेन."

थोड्याच वेळात पलीकडे मठाच्या स्वयंपाकघरात शिष्यांचे जाते फिरू लागले, वरवंटा वाजू लागला.

"महाराज, येथेही खडखडाट!"

साधूने हात जोडले. "आत्ता थांबवितो."

सारे स्तब्ध झाले. दुपार टळली. पुजाऱ्याच्या पोटात कावळे कोकलू लागले. "महाराज, प्रसादाचे काय?"

"बाबा, जाते थांबले, तशी भाकरी थांबली. वरवंटा थांबला, तशी चटणी थांबली. मौन मात्र भरपूर आहे. वाढू का?"

पुजारी खळखळून हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले.

"आता सांग," साधू म्हणाला, "तिच्याकडून काय मिळाले?"

"सांगू लागलो तर दिवस मावळेल."

"आणि तू काय दिलेस?"

पुजाऱ्याने मान खाली घातली. "धाक दिला, महाराज. त्रासही तोच."

साधूने त्याच्या खरेपणाला वाकून नमस्कार केला आणि जाते पुन्हा सुरू करविले. त्या दिवशीची भाकरी पुजाऱ्याने डोळे मिटून, तो नाद ऐकत खाल्ली.

दुसऱ्या सकाळी तो सासुरवाडीस पोहोचला. आत रवी फिरत होती. तो दाराशीच हात जोडून उभा राहिला.

पत्नीने डोकावून विचारले, "अहो, असे खांबासारखे उभे का?"

"तुझे घुसळणे होऊ दे. माझे ध्यान चालले आहे."

ती पदराआड हसली. "मग ध्यान आत येऊन करा! दोरीचे एक टोक धरा."

त्याने दोरी धरली. त्या दिवशी लोणी दोघांनी मिळून काढले, आणि संध्याकाळी ते देवासाठी घेऊन दोघे आपल्या घरी परतले.

तात्पर्य: ज्या मौनात दुसऱ्याचे कष्ट ऐकू येतात, तेच मौन देवापर्यंत पोहोचते.