एका पैशाचा वाटा

फार जुनी गोष्ट आहे. समुद्राकाठच्या एका बंदरातून दरवर्षी सात गलबतं परमुलखात जात. नारळी पौर्णिमा झाली की शिडं उभारून सुटत आणि वैशाखात परत येत. जाताना तांदूळ, नारळ, मिरी नेत. येताना खजूर आणि रेशीम आणत. तो माल विकला की गलबतात ज्यांचा वाटा असे, त्यांना नफा मिळे. पण एक वाटा घ्यायला सोन्याची मोहोर लागे. त्यामुळे नफा फिरून फिरून चार-सहा श्रीमंत घरांतच जाई.

त्या बंदरात शेवंती नावाची सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर राहत होती. कोळ्यांची फाटलेली जाळी ती विणून द्यायची. आठवड्याला आठ पैसे मिळायचे. त्यात दोघींचं जेमतेम भागायचं.

एके दिवशी बाजारात दवंडी पिटली गेली. हिरोजी नावाचा म्हातारा तांडेल, ज्याने जन्मभर गलबतं हाकली होती, त्याने नवीच रीत काढली होती. गरिबांचे पैसे एकत्र करून तो मोहोरा जमवणार आणि सातही गलबतांत वाटे घेणार. ज्याचा जेवढा पैसा, त्याला तेवढा नफा. अगदी एक पैसासुद्धा चालेल.

शेवंती हातातलं जाळं तसंच टाकून धावत गेली. तिने हिरोजीला दहा प्रश्न विचारले. गलबत बुडलं तर काय, हा प्रश्न तिने दोनदा विचारला.

"बुडलं तर त्यातला पैसाही बुडाला," हिरोजी म्हणाला. "म्हणून तर सात गलबतांत वाटतो. आणि पोरी, चुलीचा पैसा इथे आणू नकोस. समुद्राला घाई चालत नाही."

शेवंतीने त्याच दिवशी ठरवलं. दर आठवडी बाजाराच्या दिवशी दोन पैसे बाजूला काढायचे. एक घरातल्या मडक्यात, अडीअडचणीसाठी. दुसरा गलबतात. त्यासाठी तिने वेणीला गजरा घेणं सोडलं आणि आठवड्यातून एक संध्याकाळ जास्त काम धरलं.

शेजारी लखू नावाचा तरुण दोर वळायचा. त्याची कमाई तिच्या दुप्पट होती. ती त्याला हिरोजीकडे चल म्हणाली, तर तो हसला. एका पैशाने काय होणार, त्याने विचारलं. हातात चांगली रक्कम आली की मी एकदम मोहोरच टाकीन, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्या सफरीची गलबतं वैशाखात परतली. शेवंतीचे चाळीस पैसे गेले होते, त्यांचे चव्वेचाळीस झाले. लखूला हे कळलं तेव्हा त्याने विचारलं की चार पैशांत ती आता कुठला महाल बांधणार. पण शेवंतीच्या पोटात आनंद मावत नव्हता. ती आईला म्हणाली, "आई, मी इथे बसून जाळं विणत होते आणि माझा पैसा समुद्रापार जाऊन आला. येताना सोबत्यांना घेऊन आला."

ते चार पैसे तिने खर्च केले नाहीत. सगळेच्या सगळे पुढच्या सफरीला लावले. आता नारळी पौर्णिमेला ती धक्क्यावर जाऊन उभी राही. दोर सुटे, शिडात वारा भरे, आणि सातही गलबतांमध्ये आपलं काहीतरी आहे या विचाराने तिच्या अंगावर काटा येई. गलबतांची नावं, त्यांचे तांडेल, कुठल्या मालाला कुठे भाव, सगळं ती विचारून विचारून शिकली.

तिसऱ्या वर्षी मात्र चैत्रातच मोठं वादळ झालं. एक मासेमारी होडी बातमी घेऊन आली की एक गलबत बुडालं, माणसं तेवढी वाचली. बाकीच्या सहांचा पत्ता नव्हता. वैशाख संपत आला, तरी क्षितिजावर एक शीड दिसेना.

बंदरात गडबड उडाली. तेवढ्यात एक व्यापारी थैली घेऊन दारोदार फिरू लागला. वाटे मला विका, रुपयाला चार आणे देतो, नाहीतर तेवढेही जातील, असं तो सांगत होता. लोकांनी रांगा लावल्या. शेवंतीची आईसुद्धा रडकुंडीला आली. मिळतंय ते घेऊन मोकळी हो, असं ती सारखी म्हणू लागली.

शेवंतीची झोप उडाली होती. तीन वर्षांचे कष्ट होते ते. ती हिरोजीकडे गेली आणि खरं काय ते सांगा म्हणाली.

"एक बुडालं, हे खरं," म्हातारा म्हणाला. "बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, आणि खोटा धीर मी देणार नाही. पण मी अशी पाच वादळं पाहिली आहेत. शहाणा तांडेल वादळात पुढे जात नाही, आडोशाच्या खाडीत नांगर टाकून बसतो. उशीर होतो."

शेवंती घरी आली. तिने मडक्यात हात घातला. दोन-तीन महिने चूल पेटेल एवढं त्यात होतं. मग आज विकायची गरज कुणाला आहे? भीतीलाच ना? तिने आईचा हात धरून मडकं दाखवलं आणि व्यापाऱ्याला दारातूनच परत पाठवलं. एवढंच नाही, बाजाराचा दिवस आला तेव्हा ती नेहमीप्रमाणे पैसा घेऊन हिरोजीसमोर उभी राहिली. पैसा त्याच्या हातावर ठेवूनच ती परतली.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी धक्क्यावरून आरोळी आली. शीड दिसलं होतं. मग दुसरं, तिसरं. सारं बंदर पळत सुटलं. शेवंती अनवाणीच धावली. दुपारपर्यंत पाच गलबतं लागली आणि दोन दिवसांनी मोडक्या डोलकाठीचं सहावंही रखडत आलं. त्या वर्षी माल कमी आला म्हणून भाव चढला. बुडालेल्या गलबताचा तोटा भरून निघाला आणि वर थोडं उरलं. ज्यांनी चार आण्यांना वाटे विकले होते, ते हळहळत पाहत राहिले.

शेवंतीने पुढेही एक बाजार चुकवला नाही. कमाई वाढली तसे एकाचे दोन, दोनाचे तीन पैसे झाले. कधी नफा थोडा, कधी बरा, एका वर्षी उलट तोटा. पण सातव्या वर्षी त्याच पैशांतून तिने धक्क्याजवळ जाळी विणायला स्वतःचं छप्पर उभारलं, सूत भरलं आणि हाताखाली दोन बायका कामाला घेतल्या.

तिथेच एकदा लखू आला. त्याची मोहोर अजून जमली नव्हती. कमाई वाढली होती, पण दरवेळी काहीतरी खर्च निघे. तो मान खाली घालून म्हणाला, "माझी सात वर्षं गेली, शेवंते. आता सुरू करून काय उपयोग?"

शेवंतीने काम बाजूला ठेवलं. "खिशात किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन पैसे."

"एक घरी ठेव," ती उठत म्हणाली. "दुसरा घेऊन चल. परवा गलबतं सुटतायत."

आणि लखू तिच्या मागोमाग, जवळजवळ पळतच, हिरोजीच्या घराकडे निघाला.

तात्पर्य एवढंच की, मोठी रक्कम हाती येण्याची वाट पाहू नये. अडीअडचणीचं आधी बाजूला ठेवून थोडं थोडं, पण नेमाने आणि अनेक ठिकाणी लावावं, आणि भीतीच्या दिवशी हात आखडू नये.