मिरीच्या वेलाचा रुसवा

फार मागं, कोकणात मिरची कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा, मथुराकाकूंच्या बागेत पोफळीवर चढलेला एक म्हातारा मिरीचा वेल स्वतःला तिखटाचा खोत समजायचा. गलबतातून आलेलं मिरचीचं रोप काकूंनी त्याच्याशेजारी लावलं, तसा तो फणफणला, "काकू, ही ब्याद उपटा."

"आजोबा, एकदा कालवणात तरी पडू द्या," रोप म्हणालं.

मिरची कालवणात पडली. माणसं नाक पुसत पुसत आणखी भात मागायला लागली. रोप वाचलं. वेलानं मात्र रुसून पानं गाळली.

"दृष्ट लागली माझ्या वेलाला," म्हणत काकूंनी त्याच्यावरून लाल मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. दृष्ट असली तर ठसका लागत नाही, असं गलबतवाले सांगून गेले होते. इथं अख्खी बाग खोकायला लागली.

"म्हणजे दृष्ट नाही. म्हाताऱ्याचा नुसता रुसवा आहे," काकू म्हणाल्या.

खोकता खोकता वेलाला हसू फुटलं. "पोरी, तिखट आहेस खरी. उद्यापासून दोघं मिळून रडवू यांना."