फाट्यावरचं बोट

देवखडीचे नगराध्यक्ष तात्यासाहेब रणपिसे यांचा वाढदिवस होऊन तीन महिने झाले, तरी शुभेच्छांचा फ्लेक्स फाट्यावर तसाच होता. गावाचा रस्ता दाखवणारी पाटी त्याच्यामागे पार झाकली गेली होती.

गावात येणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्या तपासायला वैजयंती गोडांबे नावाची इंजिनिअर आली. चार दिवस ती फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर वही घेऊन बसली. पाचव्या दिवशी तिने नगरपालिकेच्या सभेत सांगितलं, "फ्लेक्स काढावा लागेल."

तात्यासाहेबांचं डोकं आधीच फिरलेलं. आदल्या दिवशी लेकीच्या साखरपुड्याला व्याही दोन तास उशिरा आले, आणि आल्या आल्या कुणाशी न बोलता आंघोळीला गेले.

"बाई, पाटी वाचतं कोण?" ते म्हणाले. "आल्यागेल्याला माझा फोटो दिसतो, तेवढा पुरे."

सभासदांनी बाकं वाजवली.

"अगदी बरोबर," वैजयंतीने वही उघडली. "लोक फोटोच बघतात. त्यात तुम्ही डावीकडे बोट दाखवलंय, आणि गाव आहे उजवीकडे. चार दिवसांत एकतीस गाड्या तुमचं बोट बघून डावीकडे वळल्या आणि थेट कचरा डेपोत जाऊन रुतल्या."

"असतील कुणी अडाणी."

"असतील. काल सकाळी रुतलेल्या गाडीच्या काचेवर तुमच्या लेकीचं नाव चिकटवलेलं होतं. पंधरा जणांनी उतरून ढकलली. नंबर लिहून घेतलाय, वाचू का?"

या वेळी बाकं वाजली नाहीत. तात्यासाहेबांनी शिपायाला हळू आवाजात शिडी आणायला सांगितली.