लाल बॉनेटची चकाकी

गाड्या आपल्या चालकांशी बोलत असत त्या काळी डोंगरात एक लाल जीप होती. तिच्या बॉनेटला आपल्या चकाकीचा फार अभिमान. चालक हैबतीकाका रोज सकाळी त्याला पॉलिश लावून घासत आणि त्यातच बघून मिशा नीट करत.

एका दुपारी वळणावर जीपचं चाक थेट कड्याच्या कडेला गेलं. कशीबशी गाडी थांबवून हैबतीकाका दगडावर बसले. "डोळे गेले माझे," ते म्हणाले. "समोर नुसता पांढरा उजेड दिसतो. उद्यापासून गाडी चालवणं बंद."

बॉनेट हादरलं. ऊन आपल्यावरून उसळून काकांच्या डोळ्यांत जातं, हे त्याला कधीचं ठाऊक होतं. सांगितलं तर चकाकी जाईल, म्हणून ते गप्प होतं.

"सांग की आता," समोरची काच पुटपुटली. "का नव्या माणसाकडून घासून घेणार आहेस?"

"काका," बॉनेट कसंबसं म्हणालं, "डोळे तुमचे धड आहेत. दोष माझ्या चकाकीचा आहे. माझ्यावर काळं मॅट आवरण चिकटवा."

"अरे, तव्याच्या बुडासारखं दिसशील!"

"दिसू दे. गाडी तुम्हीच चालवा."

दुसऱ्या दिवशी आवरण चढलं. वाटेतल्या गाड्या फिदीफिदी हसल्या. बॉनेटला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच वळणावर काका एकदम ओरडले, "अरे, दरीपलीकडे माझं घर दिसतंय! इतकी वर्षं इथून जातोय, कधी दिसलंच नाही!"